अक्कांनी गिळलेले ‘की’

महादेवक्कांना कन्नड यायचं, कारण ते घरचं. मराठी यायचं, कारण ते गल्लीतलं. तेलुगू साडीच्या दुकानापुरतं यायचं, आणि रिक्षावाल्याशी दखनीत अशा भांडायच्या की शेवटी तोच ‘जाने दो अम्मा’ म्हणून हात जोडायचा. येत नव्हती ती फक्त हिंदी. आणि बाईंनी जन्मभर कामं केली ती हिंदी सिनेमात.

पडद्यावरचं त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. ते मुंबईत कुणीतरी ठेवलेलं, गुळगुळीत नाव होतं. सोलापुरात होटगी रोडवरच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये ते कुणीच वापरलं नाही. कुरिअरवाला ते नाव वाचून दाखवायचा तेव्हा वॉचमन आधी म्हणायचा, “असं कुणी ऱ्हात न्हाय हितं.” मग जरा डोकं खाजवून म्हणायचा, “थांबा, आमच्या अक्काचं आसंल.” बाकीची माहिती, म्हणजे जन्म दुधनीचा, वडील आडतीवर, शाळा सोलापुरात, नाटकातून सिनेमात, ही सगळी इंटरनेटवर आहे. त्यातली निम्मी चुकीची आहे आणि ती दुरुस्त करावी असं अक्कांना कधी वाटलं नाही.

मी शाळेत भूगोल शिकवते. समोरच्या फ्लॅटमध्ये एवढी मोठी नटी राहते हे कळलं तेव्हा मी चांगली साडी नेसून ओळख करून घ्यायला जायचं ठरवलं होतं. पण त्याआधीच एका पहाटे दार धडाधडा वाजलं. दारात परकर वर खोचलेल्या, हातात बादली घेतलेल्या एक बाई. “पाणी आलंय की गं! झोपलीस काय? आता गेलं तर चार दिवस बघायला मिळायचं न्हाय.” मी डोळे चोळत पिंप भरायला धावले. पिंप भरल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला की मुंबईतले मोठमोठे लोक जिच्यासाठी खुर्ची सोडून उभे राहतात, ती ही बाई. चांगली साडी कपाटातच राहिली.

अक्कांचा एक दुर्गुण सांगून टाकते. त्या माणसं चोरायच्या. माणसं म्हणजे त्यांच्या लकबी. कुठलीही भूमिका आली की दिग्दर्शकाला त्या एकच प्रश्न विचारायच्या : ही बाई उठल्यावर पहिलं काय करते? दिग्दर्शकाला ते सांगता आलं नाही तर अक्का शेजारीपाजारी शोधायला निघायच्या. एका सिनेमात त्या न्यायाधीश झाल्या होत्या. मी मोठ्या कौतुकानं आमच्या दहावीच्या मुलींना घेऊन तो सिनेमा बघायला गेले. पडद्यावर साक्षीदार खोटं बोलायला लागला, तशी न्यायाधीशबाईंनी मान खाली घातली, चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघितलं आणि पेनचं टोपण टक्‌ टक्‌ वाजवलं. आख्खी रांग एकदम ओरडली, “बाई, तुमी!”

मी तणतणत घरी आले. अक्का शांतपणे मटकी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, “चिडतीस कशाला? तुजं तोंड फुकट चाललं हुतं, मी कामाला लावलं.” मी आठवडाभर अबोला धरला. पण खरं सांगते, त्या आठवड्यात मी आरशासमोर चष्म्यावरून बघायचा प्रयत्न करून पाहिला आणि मला ते अक्कांइतकं चांगलं जमेना.

आता हिंदीची गोष्ट. सोलापूरचा माणूस बोलताना वाक्य संपवत नाही, त्याला ‘की’ लावतो. जेवलो की, आलो की, हाय की. त्या ‘की’ला अर्थ नसतो, पण तो नसला तर समोरच्याला वाटतं, ह्यांचं आपल्यावर काहीतरी बिनसलंय. अक्कांच्या पहिल्या हिंदी सिनेमात त्यांना एकच वाक्य होतं. दार उघडायचं आणि म्हणायचं, ‘बाबूजी घर पर हैं.’ अक्कांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, “बाबूजी घर पर हैं की.”

दिग्दर्शक वाट बघत राहिले. त्यांच्या हिंदीत ‘की’ म्हटलं की वाक्य पुढं जायला हवं. शेवटी ते म्हणाले, “आगे?”

अक्का म्हणाल्या, “आगे कुछ नहीं की.”

सगळे लोक हसून हसून खाली बसले. पुन्हा शॉट, पुन्हा ‘की’. दिग्दर्शकांचा आवाज चढला. अक्का मला ही गोष्ट सांगायच्या तेव्हा हसवून मारायच्या, पण एकदा हसणं ओसरल्यावर म्हणाल्या, “त्या दिवशी मी संडासात जाऊन रडले गं. वाटलं, आपलं हितंच संपलं. जिभंला चिमटा लावून ‘की’ उपटून काढावा म्हणलं, तर तो निगंना.”

तो निघाला नाहीच. अक्कांनी दुसरा उपाय काढला. पुढच्या सिनेमात त्यांना लांबलचक संवाद होते. त्या दिग्दर्शकाकडे गेल्या आणि म्हणाल्या, ही बाई एवढं बोलेल कशाला? नुसती बघेल. दिग्दर्शक समजूतदार निघाला. त्यानं एक वाक्य काढून बघितलं. मग दुसरं काढलं. करता करता त्या बाईच्या तोंडी जवळजवळ काही उरलंच नाही. सिनेमा लागला आणि वर्तमानपत्रांतून लेख आले : काय संयम! मौनाची काय ताकद! नुसत्या गालाच्या हालचालीतून केवढं दुःख! तेव्हापासून अक्का कमी बोलणाऱ्या, डोळ्यांनी आणि ओठांच्या कोपऱ्यानं सगळं सांगणाऱ्या थोर अभिनेत्री झाल्या. त्यांच्यावर प्रबंध लिहिणारी एक मुलगी सोलापूरला आली होती. तिनं विचारलं, “ही शांतता तुम्हाला कुठून सापडली?” अक्का गंभीरपणे म्हणाल्या, “भीतीतून.” मुलीनं ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. ती गेल्यावर अक्का आणि मी पोट धरून हसलो.

एका मोठ्या पुरस्काराच्या वेळी त्या मंचावर गेल्या, हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि एक शब्द न बोलता खाली आल्या. सभागृह उठून उभं राहिलं. केवढी नम्रता! “कसली नम्रता? भाषण पाठ हुतं,” अक्का मला म्हणाल्या. “शेवटच्या वाक्याला ‘की’ येलालाय असं जिभंवर कळलं. म्हणलं, नकोच.”

तर असं हे दुकान. सगळा माल चेहऱ्यावर. आणि एके सकाळी तो चेहराच गेला.

मी शाळेला निघाले होते. दारात अक्का उभ्या, तोंडावर पदर. मला वाटलं, दाढ दुखतेय. आत येऊन त्यांनी पदर काढला आणि म्हणाल्या, “टीचर, नीट बघ. मी आता हसलालेय का रडलालेय, सांग.”

मला सांगता येईना. उजवा गाल हलत होता. डावा तसाच, ओला कपडा दोरीवर टाकावा तसा खाली लोंबलेला. डावा डोळा मिटत नव्हता. चूळ भरली तर पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर आलं होतं. जन्मभर जिच्या चेहऱ्यावरून लोकांना न बोलता सगळं कळत आलं, तिचा चेहरा समोर असून मला कळेना. मी काहीतरीच म्हणाले, “हसताय, अक्का.” त्या म्हणाल्या, “न्हाय गं. रडलालेय.”

डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. औषध दिलं, व्यायाम सांगितला. बहुतेकांचं भरून येतं म्हणाले; पण पूर्वीसारखं शंभर टक्के येईल का, हे आत्ता सांगता येणार नाही. अक्कांनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं.

त्यांचा एक सिनेमा अर्धा झाला होता. एका आईची गोष्ट होती, आणि अक्कांच्या आयुष्यात आलेली ती सर्वांत मोठी भूमिका होती. दिग्दर्शक तरुण पण सालस होता. तो मुंबईहून भेटायला आला, पाया पडला आणि जरा चाचरत म्हणाला, आपण गोष्टीतच या बाईला झटका आला असं दाखवू. प्रेक्षकांना ते फार खरं वाटेल. अक्कांनी त्याला आधी जेवू घातलं. मग हळू, वाकड्या तोंडानं, एकेक शब्द सांभाळत म्हणाल्या, “ती बाई धडधाकट हाय. आजारी मी हाय. माज्यापायी तिला कशाला आजारी पाडायचं?” निघताना म्हणाला, दिवाळीपर्यंत थांबतो. त्यानंतर पैसे लावणारे लोक ऐकणार नाहीत, दुसरं कुणीतरी बघावं लागेल.

दार लावून अक्का पलंगावर बसल्या. मी चहा केला. तो त्यांना चमच्यानं प्यावा लागत होता. “दुसरं कुणीतरी चांगलंच करंल,” त्या म्हणाल्या, “पण ती बाई आता मला सोडवंना गं.” मी त्यांचा हात धरून बसले.

व्यायाम शिकवायला नसरीनबाई यायच्या. मध्यमवयाच्या, ठसठशीत आवाजाच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी आरसा मागितला. अक्कांकडे मोठा आरसाच नव्हता. काम सुरू झाल्यापासून आपला चेहरा आपण बघायचा नाही, असा त्यांचा नेम होता. बघितलं की माणूस सुंदर दिसायच्या मागे लागतं म्हणायच्या. शेवटी माझ्या कपाटाचा आरसा पान्यानं काढून तिकडं नेला. अक्का त्याच्यासमोर अशा बसल्या, जशा आमच्या मुली तोंडी परीक्षेला बसतात.

“अम्मा, ओठां खींचको ‘ई’ बोलो,” नसरीनबाई सांगायच्या. अक्का ‘ई’ म्हणायच्या. उजवा ओठ कानाकडे जायचा, डावा जागचा हलायचा नाही. गाल फुगवा, शीळ घाला, कपाळ वर करा. काहीच नाही. नवरात्र आलं, गेलं. अक्का हट्टानं रोज बसत, पण आरसा मिटवता येत नाही म्हणून डोळे मिटू लागल्या, आणि त्यातलाही एकच मिटत होता.

आणि मग एक दिवस पाणी आलं. मी तिथंच होते. नसरीनबाई ‘ई’, ‘ई’ करून थकल्या होत्या. एवढ्यात खालून वॉचमननं आवाज दिला, “अक्काऽ, वर पाणी आलं का?” अक्का आरसा विसरल्या, आजार विसरल्या आणि खिडकीकडे तोंड करून खच्चून ओरडल्या, “आलं कीऽऽ!”

नसरीनबाई ताडकन उठल्या. “अम्मा! फिर बोलो!”

“काय?”

“अब्बी क्या बोले, वैसाच बोलो!”

“आलं की,” अक्का बिचकत म्हणाल्या. मी वाकून बघितलं. डाव्या ओठाचा कोपरा हलला. इतका थोडा की दुसऱ्या कुणाला दिसला नसता. पण आम्ही तिघी गेले कित्येक दिवस त्या कोपऱ्याकडेच बघत होतो. नसरीनबाईंनी ‘या अल्ला’ म्हणून कपाळाला हात लावला आणि अक्कांच्या मिटत नसलेल्या डोळ्याला पाणी आलं.

झालं. दुसऱ्या दिवसापासून व्यायामाचं पुस्तक बाजूला. अक्का आरशासमोर बसून म्हणायच्या : हाय की. न्हाय की. चल की. बस की. जेवलीस की. संध्याकाळी आख्ख्या बिल्डिंगला ऐकू जायचं. जिन्यातली पोरं खालून ओरडायची, “अक्का, बऱ्या हाव का?” आणि वरून उत्तर यायचं, “हाय कीऽ!” जन्मभर गिळलेले सगळे ‘की’ त्या दिवसांत बाहेर पडले, आणि प्रत्येकानं जाताना तो गाल थोडा थोडा वर ओढला. दिवाळीच्या आधी अक्कांनी दिग्दर्शकाला व्हिडिओ कॉल लावला. एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या त्याच्याकडे बघून हसल्या. दोन्ही बाजूंनी. पलीकडे तो पोरगाच रडायला लागला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी आवरली, कारण मलाही हुंदका आवरेना. छातीवरचा केवढा तरी धोंडा उतरला होता.

एक गंमत मात्र उरली. शूटिंगला जायच्या आधी अक्का माझ्याकडे जेवायला होत्या. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. पहिला घास घेतला आणि डाव्या डोळ्यातून एक थेंब गालावर आला. मी म्हणाले, “तिखट लागली का?” “न्हाय की,” त्या म्हणाल्या. दुसरा घास, दुसरा थेंब. उजवा डोळा कोरडा ठणठणीत. डॉक्टरांना विचारलं तर हसले. नस परत वाढताना तिची वाट चुकते कधी कधी. जो धागा लाळेकडे जायचा तो डोळ्याकडे गेला. त्रास काही नाही, फक्त खाताना पाणी येईल. अक्का म्हणाल्या, “वायरमननं पंख्याची वायर दिव्याला जोडली म्हणा की!”

त्या हसत मुंबईला गेल्या आणि परत आल्या त्या चिडलेल्या. सिनेमात शेवटाकडे एक प्रसंग होता. मुलगी घर सोडून गेलीय आणि आई एकटी जेवायला बसते, एवढंच. अक्कांनी भाकरी मोडली, घास घेतला आणि डाव्या डोळ्यातून थेंब ओघळला. सेटवर टाळ्या.

“मी म्हणलं, परत घ्या. ते माजं न्हाय, भाकरीचं हाय. कुणी ऐकंना! त्यास्नी वाटलं, म्हातारी लाजलालीय.” अक्का खोलीभर येरझाऱ्या घालत होत्या. “मी कदी ग्लिसरीन लावलं न्हाय गं. ती बाई त्या टायमाला रडत न्हाय, ती राग गिळती. मी राग गिळलालते, आणि ह्या मेल्या डोळ्यानं मधीच पाणी काढलं. लोकास्नी कळंल. म्हणतील, नुसतं नाटक केलंय.”

एवढ्या मोठ्या संकटातून सुटलेली बाई एका थेंबाचं इतकं जिवाला लावून घेते, ह्याचं मला हसू येत होतं. पण त्यांना ते खरंच लागलं होतं, म्हणून मी हसले नाही.

सिनेमा सोलापुरात लागला तेव्हा त्या मला घेऊन गेल्या. तोंडावर पदर, मागच्या बाजूची जागा. दुसऱ्या दिवशी त्या पुढच्या कामासाठी मुंबईला जाणार होत्या. त्यानंतर त्यांना कामं लागत गेली, आता तिकडंच असतात, फोनवर बोलतो. म्हणजे मी त्यांना बघितलं ते त्या दिवशी शेवटचं.

तो प्रसंग आला. अक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं. पडद्यावर भाकरी मोडल्याचा कडकन आवाज झाला, घास, आणि मग तो थेंब. मला सगळं ठाऊक होतं, तरी मी त्या आईकडेच बघत राहिले. मागच्या रांगेत कुणीतरी मुसमुसत होतं.

दिवे लागले. मागची बाई पदरानं तोंड पुसत उठली आणि तिची नजर अक्कांवर पडली. साधी, हातात पिशवी घेतलेली बाई. ओळखल्यावर तिनं अक्कांचे दोन्ही हातच धरले. “अक्का, तुमी जेवायला बसलासा की नाय, तवा माजी आई आटवली वो. माजं लगीन झाल्यावर ती अशीच एकटी जेवत आसंल. मला कदी डोक्यातच आलं न्हवतं.”

अक्कांनी तोंड उघडलं. त्या आता सांगणार, हे मला चेहऱ्यावरून स्पष्ट दिसलं. पण त्या थांबल्या. म्हणाल्या, “आई हाय का?”

“न्हाय. जाऊन लई दिस झालं.”

अक्कांनी तिचे हात तसेच धरून ठेवले. ती बाई आपल्या आईचं काहीबाही सांगत राहिली आणि अक्का पुऱ्या चेहऱ्यानं ऐकत राहिल्या. दारातल्या माणसानं ‘चला, पुढचा शो आहे’ म्हटल्यावर सगळे बाहेर पडलो.

रिक्षात मी विचारलं, “सांगणार होतात ना तिला, भाकरीनं पाणी आलं म्हणून?”

“व्हय. तोंडापातूर आलं हुतं.” त्या बाहेर बघत होत्या. “मग म्हणलं, तिला आत्ताच कुटं तिची आई गावलीय. ती काढून कशाला घ्यायची?”

एवढं बोलून त्या मोकळ्या हसल्या आणि पदरानं डोळे पुसले. आधी उजवा, मग डावा.